एक नोंद, दोन डोळे

फालेलुमा गावात वाएमोलो किती, हा प्रश्न गेल्या अठरा वर्षांत कुणी तोंडावर विचारला नव्हता. मोएलांगीनं तो मंगळवारी सकाळी भर सभेत विचारला, आणि तोही कॉम्प्युटरसाठी.

वाएमोलो ही गावातली जुनी पदवी. ती मिळाली की माणसाचं बारशाचं नाव मागं पडतं आणि तो मरेपर्यंत वाएमोलो म्हणूनच जगतो. मोएलांगीचे वडील वाएमोलो होते. पण आधीचे वाएमोलो, म्हणजे तिचे आजोबा, गेले त्याच आठवड्यात घराण्याच्या तिन्ही शाखांनी आपापल्या माणसांना ही पदवी देऊन टाकली, कोर्टानं 'वाटून घ्या' म्हणून हात झटकले, आणि तेव्हापासून एका नावाचे वारस वाढतच गेले. सध्या ते अकरा होते. मोएलांगीच्या वडिलांचा सख्खा धाकटा भाऊ, इओसुआ, हाही त्यांतलाच एक. दोघा भावांतून अठरा वर्षं विस्तव जात नव्हता. चर्चमध्ये एक पहिल्या बाकावर उजवीकडं बसायचा, दुसरा पहिल्या बाकावर डावीकडं, आणि पाद्री मधून चालायचा.

प्रश्न विचारण्याचं कारण नेत्रशिबिराचं होतं. गावाच्या महिला मंडळानं सुरू केलेलं हे शिबिर वर्षातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये चार दिवस चालायचं. डॉक्टर मंडळी खोकी घेऊन फेरीबोटीनं यायची, मोतीबिंदू काढायची आणि शुक्रवारच्या बोटीनं परत जायची. आजवर यादी वहीत असायची. यंदा मात्र शिबिराच्या राजधानीतल्या, अपियाच्या ऑफिसनं कळवलं, की वही चालणार नाही. बायकांनी छापील फॉर्म भरून घेऊन टॅबवर चढवायचे, ते कनेक्टर नावाच्या एका प्रोग्रॅमनं उचलून अपियाच्या डेटाबेसात नेऊन टाकायचे, आणि ऑपरेशनची यादी तिथून निघणार. कनेक्टरची मांडणी गावानं करायची. मोएलांगी शाळेत गणित शिकवायची, म्हणून हे काम तिच्या गळ्यात पडलं. गणित येतं म्हणजे कॉम्प्युटर येतो आणि कॉम्प्युटर येतो म्हणजे छपराचा पंखाही दुरुस्त करता येतो, अशी गावाची समजूत होती.

काम तसं अवघड नव्हतं. एक पान उघडायचं आणि विचारलेलं भरायचं. माल कुठून उचलायचा, कुठं टाकायचा, हे तिनं भरलं. मग पानानं विचारलं, एकच ओळख दोनदा आली तर काय करू, नवी नोंद की जुनीतच सुधारणा? म्हाताऱ्या माणसांना फॉर्म भरल्याचं आठवत नाही, ती तीन-तीनदा भरतात. मोएलांगीनं 'सुधारणा' निवडलं. पुढं विचारलं, नव्या फॉर्ममधला रकाना रिकामा असेल तर जुनं पुसू की राहू देऊ? दुसऱ्यांदा भरताना तीच माणसं कंटाळून अर्धा फॉर्म कोरा सोडतात. तिनं 'राहू दे' निवडलं. दोन्ही उत्तरं बरोबर होती, आणि पुढं जे झालं त्याला दोन्हींनी हातभार लावला.

शेवटचा प्रश्न होता, माणूस ओळखायचा कशावरून?

तिनं अपियाला सेतेफानोला फोन लावला. हा तिकडच्या ऑफिसातला डेटाबेस सांभाळणारा पोरगेलासा गृहस्थ.

"ताई, ते तुमचं तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "नाव आणि गाव एवढं पुरतं बहुतेकांना. एका गावात एकाच नावाची दोन माणसं नसली म्हणजे झालं."

"आणि असली तर?"

"तर गावालाच विचारा. मी कशाला कुणाच्या घराण्यात नाक खुपसू?"

पदवी नसलेल्यांचा प्रश्न नव्हता, त्यांच्या नावापुढं बापाचं नाव असतं. इतर पदव्यांना वारस एकेकच होते. घोडं पेंड खात होतं ते वाएमोलोपाशी. म्हणून मंगळवारी ती सभाघराच्या बाहेर चटईवर बसली आणि एका वक्त्यामार्फत सभेला विचारलं, की आपल्या गावात वाएमोलो किती.

अकरापैकी दोघं ऑकलंडला असतात, बाकीचे नऊ आपापल्या खांबाला पाठ टेकून बसले होते. मग सगळ्यांत थोरल्या प्रमुखानं घसा साफ केला.

"वाएमोलो हे नाव एक आहे," तो म्हणाला. "एक होतं आणि एकच राहील."

नऊच्या नऊ जणांनी मान डोलावली. एक म्हणजे आपणच, याविषयी प्रत्येकाची खात्री होती.

मोएलांगीला खरं माहीत नव्हतं असं नाही. पण सभेचा शब्द खाली पाडायचा म्हणजे घराला दंड म्हणून डुक्कर द्यायचं, आणि त्यांच्याकडं एकच डुक्कर होतं. शिवाय गावाची रीत तिच्या अंगवळणी पडलेली होती. सभेत 'एक' म्हणायचं आणि आवा हे मानाचं पेय वाढताना अकरा करवंट्या भरायच्या. कुणाचं काही अडत नाही. तिनं ओळखीच्या रकान्यात 'नाव आणि गाव' लिहिलं. कनेक्टरला करवंट्या भरता येत नाहीत, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

या यादीत तिचा स्वतःचा जीव अडकला होता. वडिलांचा उजवा डोळा तरुणपणी मासेमारीत गळ लागून गेलेला, आणि डाव्यात मोतीबिंदू पिकत चाललेला. गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते, पुढच्या शिबिराला आणा, त्यापुढं ढकलू नका. वडील सभेतले वक्ते होते. सभेत कोण कुठल्या खांबाशी बसलंय ते पाहून प्रत्येकाला त्याच्या मानानं वंदन करायचं, हे त्यांचं काम. गेल्या महिन्यात त्यांनी सगळा मानपान, वंशावळीसकट, एका रिकाम्या खांबाला वाहिला. सभा सभ्य होती, कुणी हसलं नाही. पण घरी आल्यावर ते मोएलांगीला एवढंच म्हणाले, "पोरी, तो खांब होता ना?" आणि त्या दिवशी जेवले नाहीत. पुन्हा असं झालं तर सभेत बोलायची त्यांची जागा दुसऱ्याकडं जाणार, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही.

बुधवारी तिनं कनेक्टर सुरू केला. दोनशे बारा फॉर्म निघाले, दोनशे बारा पोचले, चूक शून्य. पडद्यावर हिरवी खूण आली. मोएलांगीनं त्या आनंदात पाच पानिकेके, म्हणजे गोड गोळे, तळून खाल्ले.

गुरुवारी दुपारी सेतेफानोचा फोन आला.

"ताई, तुमच्याकडं वाएमोलो म्हणून कोण आहे?"

"का रे?"

"नाही, काळजी वाटली. वय एक्कावन्न. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यातही. साखर, रक्तदाब, दमा, संधिवात. गळूही आहे. पत्ता ऑकलंडचा. आणि मागणी काय, तर वाचायचा चष्मा. हा माणूस जिवंत आहे ना?"

मोएलांगीनं डेटाबेसातला तक्ता उघडून मोजलं. यंदा नेमका कुणीच दोनदा फॉर्म भरला नव्हता, तरी आत गेलेल्या दोनशे बारा फॉर्मच्या नोंदी दोनशे दोनच होत्या. अकरा वाएमोलो एकामागोमाग एक त्याच ओळीत शिरले होते. प्रत्येकानं येताना आधीच्याचं वय आणि पत्ता पुसला होता, आणि जिथं त्याचा रकाना कोरा होता तिथं आधीच्याचं दुखणं तसंच ठेवलं होतं. सगळ्यांत शेवटी शिरला तो ऑकलंडच्या दोघांपैकी एक वाएमोलो; दोघंही एका मयताला आले होते आणि फुकट आहे म्हणून चष्म्याचे फॉर्म भरून गेले होते.

सभेचा शब्द इतक्या इमानानं पाळणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

"दुरुस्त करा," सेतेफानो म्हणाला. "उद्या चारला यादीला कुलूप लागतं. त्यानंतर नाव घालायचं तर संचालकांची सही लागते, आणि संचालक परदेशात, सुवाला परिषदेत आहेत."

"कुलूप थोडं उशिरा लावता येत नाही?"

"ताई, कुलूप मी लावत नाही. ते आपोआप लागतं."

आता ओळखीला आणखी एक रकाना जोडायला हवा होता, ज्यानं अकरा जण वेगळे पडतील. मोएलांगीनं फॉर्म पुढ्यात घेतले. फॉर्मवर छापील क्रमांक होता, पण फॉर्म संपल्यावर पाद्रीणबाईंनी एकाच फॉर्मच्या झेरॉक्स काढल्या होत्या, त्यामुळं निम्म्या गावाचा क्रमांक चारशे सतरा होता. जन्मतारीख पाहिली, तर सात वाएमोलो एक जानेवारीला जन्मले होते. फोन नंबर सहा जणांनी दुकानाचा दिला होता. बारशाचं नाव घालता आलं असतं, पण पदवी असलेल्याला त्या नावानं हाक मारतात ती गावातून हाकलल्यावर. ते यादीत छापून हॉलच्या दारावर लावलं असतं तर शिबिरात डोळ्यांपेक्षा डोकीच जास्त फुटली असती.

"मग त्यांना नुसते नंबर द्या की," सेतेफानोनं सुचवलं. "वाएमोलो एक, वाएमोलो दोन. कनेक्टर आपोआप देतो, येतील त्या क्रमानं."

"आणि एक नंबर कुणाला?"

"जो पहिला येईल त्याला."

"सेतेफानो, पहिला कोण यावरून घराणी कोर्टात गेली होती. कोर्टाला जमलं नाही ते तुझ्या कनेक्टरनं ठरवायचं?"

सेतेफानोनं एक सुस्कारा सोडला. त्याचेही एक काका अशाच पदवीवर होते.

शुक्रवारी साडेतीनपर्यंत मोएलांगी फॉर्म उलटेपालटे करत बसली होती. तेव्हा तिची नजर अगदी तळाच्या रकान्यावर पडली. आईचं नाव. तो रकाना कुणी वाचत नाही, म्हणून सगळ्यांनी तो मनापासून भरला होता. पदवीवरून लोक भांडतात, बापावरून, आज्या-पणज्यावरून भांडतात, पण आपली आई कोण यावर वाएमोलोंपैकी कुणाचं दुमत नव्हतं. तिनं ओळखीच्या रकान्यात 'नाव, गाव आणि आईचं नाव' लिहिलं, जुना तक्ता रिकामा केला आणि कनेक्टर पुन्हा सोडला. दोनशे बारा निघाले, दोनशे बारा पोचले. हिरवी खूण आली तेव्हा चारला सात मिनिटं कमी होती.

या वेळी पानिकेके तळायच्या आधी तिनं नोंदी मोजल्या. दोनशे अकरा.

एक कमी. तिनं वाएमोलो शोधले. दहा निघाले. एकेकाच्या आईचं नाव वाचत ती खाली आली. आई फुआतिनो, नोंद एक. वय एकोणसत्तर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.

एकोणसत्तर इओसुआचं वय होतं. उजवा डोळा त्याचा होता. डावा तिच्या वडिलांचा, त्र्याहत्तर वर्षांच्या वाएमोलोंचा होता.

फुआतिनो तिची आजी. तिच्याच मांडीवर मोएलांगी वाढलेली, आणि आजीला मुलगे दोन, हे तिला आठवलं नव्हतं. घरात अठरा वर्षं एखाद्या माणसाचं नाव निघालं नाही की तो हळूहळू आजीच्या पोटातूनही वजा होतो. मोएलांगीला इतकी लाज वाटली, की ती दुरुस्ती करायचं सोडून दोन मिनिटं तशीच बसून राहिली, आणि ती दोन मिनिटं महाग पडली. तिनं रकाना बदलायला घेतला तोवर पडद्यावर करड्या रंगाचं कुलूप आलं.

सेतेफानोनं फोन उचलला तो घरी जायच्या बसमधून. मागं कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या.

"आता यादीत जे आहे ते आहे ताई," तो म्हणाला. "तुमच्या त्या माणसाला दोन पाळ्या लागल्यात. डावा डोळा सोमवारी, उजवा बुधवारी."

"त्या माणसाला नाही रे. ती दोन माणसं आहेत."

"मग बरंच झालं की," तो म्हणाला.

शनिवारभर मोएलांगीनं मूग गिळले. रविवारी चर्चनंतरच्या जेवणात वडिलांच्या पानात तारो आणि पालुसामी वाढून झाल्यावर तिनं एका दमात सगळं सांगून टाकलं. वडील घास चावत ऐकत राहिले.

"म्हणजे यादीत मी आहे की नाही?"

"आहात, बाबा. अर्धे."

"आणि अर्धा कोण?"

तिनं त्यांच्या पानात आणखी तारो वाढला. सांगायची गरज नव्हती.

"नोंद कुणाच्या नावानं आहे?"

"वाएमोलो. फुआतिनोचा मुलगा."

"मुलगा," वडील म्हणाले. "एकच?"

"एकच."

त्यांनी हात धुतले. "अठरा वर्षं मी हेच सांगतोय, की वाएमोलो एकच आहे. आता मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?" हात पुसत ते म्हणाले, "त्याला कुणी सांगितलं का?"

"मीच जाते."

"जा. आणि डावा डोळा माझा आहे, हे आधी सांग. नाहीतर तो दोन्ही घेईल."

इओसुआकाकाच्या घरात मोएलांगी अठरा वर्षांत पाय ठेवत होती तो पहिल्यांदाच. काकाचे दोन्ही डोळे धूसर झालेले, उजवा जास्त. त्यानं तिला पावलांवरूनही ओळखलं नाही, तेव्हा तिनंच सांगितलं, "काका, मी मोएलांगी." काकू आतून कोको घेऊन आली आणि पेला ठेवून तिथंच बसली, कारण असलं काही ऐकायला मिळायची संधी रोज येत नाही.

काकानं सगळं ऐकून घेतलं.

"एकच नोंद? वाएमोलो एकच?" तो म्हणाला. "मी अठरा वर्षं दुसरं काय सांगतोय?"

"बाबाही हेच म्हणाले, काका."

"तो असं म्हणाला?" काकानं विचारलं. मग म्हणाला, "त्याला अगदीच दिसत नाही का गं आता?"

"खांबाशी बोलले मागच्या महिन्यात."

"ऐकलं मी. मी तिथंच होतो, पलीकडच्या खांबाला." काकानं पेला चाचपडत उचलला. "वाटलं होतं, उठावं आणि त्या खांबापुढं जाऊन बसावं. निदान वंदन कुणाला तरी पोचलं असतं. पण बसलो नाही."

काकू म्हणाली, "बसायला काय झालं होतं?"

सोमवारी चर्चचा हॉल माणसांनी भरला होता. शिबिराच्या नर्स, सिस्टर वैतोआ, दारात यादी घेऊन उभ्या होत्या. आवाज खणखणीत, आणि समोर प्रमुख आहे की कोंबडी याचा त्या आवाजावर परिणाम होत नसे.

"वाएमोलो, फालेलुमा, आई फुआतिनो!"

हॉलच्या उजव्या टोकाला एक म्हातारा उठला. डाव्या टोकाला दुसरा उठला.

सिस्टरनी यादी पाहिली, मग दोघांना पाहिलं. मोएलांगी मध्ये पडून सगळं सांगू लागली. कनेक्टर, ओळखीचा रकाना, कोऱ्या जागा. सिस्टरनी हात वर करून तिला थांबवलं.

"डावा कुणाचा?"

"माझा," मोएलांगीचे वडील म्हणाले.

"उजवा?"

"माझा," इओसुआ म्हणाला.

"माझ्याकडं एक माणूस आणि दोन डोळे लिहिलेत. डोळे दोन आलेत. माणूस एक जास्त आहे, त्याची माझी तक्रार नाही." त्यांनी दोघांना डॉक्टरांपुढं नेऊन वेगवेगळं तपासून घेतलं, कुणाचा कुठला डोळा ते कपाळावर शाईनं बाण काढून पक्कं केलं, आणि कागदावर मात्र एकाच नावाखाली दोन्ही लिहिलं. "आणि हे बघा, नियम आहे. पेशंटनं चारही दिवस हजर राहायचं. ऑपरेशनला आणि पट्टी सोडतानाही. पेशंट म्हणजे तुम्ही दोघं. एक आला आणि दुसरा नाही आला, तर मी अर्धी हजेरी लावत नाही."

असा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. मोएलांगीनं मागाहून शोधून पाहिलं.

सोमवारी वडिलांचा डावा डोळा झाला. इओसुआ बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मंगळवारी सकाळी पट्टी सोडायला दोघं एकाच बाकावर आले, मधे एका माणसाची जागा सोडून. ती जागा कुणी घेतली नाही. मोएलांगी समोर उभी होती. तिला वाटत होतं, पट्टी निघाली की बाबा आधी आपल्याकडं बघतील.

सिस्टरनी पट्टी सोडली, डोळा पुसला. वडिलांनी दोनदा पापणी मिटली. समोरची भिंत पाहिली, मोएलांगीला पाहिलं आणि मान हलवली. मग ते बाजूला वळले. अठरा वर्षांत त्यांनी भावाकडं सरळ पाहिलं नव्हतं, आणि शेवटची काही वर्षं तर पाहायचं म्हटलं तरी दिसला नसता. ते बराच वेळ बघत राहिले. केस, कपाळ, हनुवटी.

"इओसुआ," ते म्हणाले. त्यांनी भर हॉलमध्ये त्याला बारशाच्या नावानं हाक मारली होती, आणि ते कुणाला अपमानासारखं वाटलं नाही. "तू अगदी आईसारखा दिसायला लागलास रे."

इओसुआनं त्यांच्याकडं तोंड केलं. त्याला समोर नुसतं धुकं दिसत होतं. त्यानं हात पुढं केला, मधल्या रिकाम्या जागेवर चाचपडला, आणि त्याला दादाचा गुडघा सापडला.

"थांब दादा," तो म्हणाला. "गुरुवारी माझी पट्टी निघू दे, मग तुझं सांगतो."